कुलूप खरे, पण घर कोणाचे?

इंटरनेटवरून बँकेचा व्यवहार करायचा असेल तर पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ ही अक्षरे आहेत का ते बघा, असे आपल्याला वर्षानुवर्षे सांगितले गेले. कुलपाचे चित्र दिसले की निर्धास्त व्हा, असेही. मी मराठीत गझल लिहिणारा, बी.ए. झालेला माणूस, गणिताशी माझे सख्य बेताचेच. पण त्या कुलपामागे जे डिजिटल प्रमाणपत्र असते, तो विषय गणिताइतकाच साक्षीपुराव्याचाही आहे. आणि साक्षीपुरावा आपल्या सगळ्यांना कळतो.

पूर्वी अर्जाला गुणपत्रिकेची नक्कल जोडायची तर राजपत्रित अधिकाऱ्याची सही आणि शिक्का लागे. अर्ज घेणारा तुम्हाला ओळखत नसे, पण त्या शिक्क्याला ओळखे. डिजिटल प्रमाणपत्राचे तत्त्व हेच. ते १९७८ साली अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत लोरेन कोनफेल्डर या विद्यार्थ्याने आपल्या पदवीच्या प्रबंधात मांडले.

समजा, एखाद्या पतसंस्थेने संकेतस्थळ काढले. तिचा संगणक प्रथम दोन किल्ल्यांची जोडी तयार करतो. या किल्ल्या म्हणजे अवाढव्य संख्या. आरएसए या पद्धतीत सर्रास वापरली जाणारी संख्या ६१७ आकडी असते. एक किल्ली जाहीर, दुसरी गुप्त. गुप्त किल्लीने केलेली सही जाहीर किल्लीने तपासता येते. पण जाहीर किल्लीवरून गुप्त किल्ली शोधणे आजच्या संगणकांना जमत नाही. मग संकेतस्थळाचे नाव आणि जाहीर किल्ली घालून एक विनंतीपत्र प्रमाणन संस्थेकडे जाते. गुप्त किल्ली घराबाहेर पडत नाही. प्रमाणन संस्था म्हणते, ‘आम्ही दिलेला हा मजकूर तुमच्या संकेतस्थळावर अमुक जागी ठेवून दाखवा.’ तो ठेवता आला, म्हणजे स्थळ अर्जदाराच्याच ताब्यात आहे. मग नाव, जाहीर किल्ली आणि मुदत लिहिलेल्या प्रमाणपत्रावर ती आपली सही करते.

तुम्ही ते स्थळ उघडता तेव्हा हे प्रमाणपत्र तुमच्या ब्राउझरपुढे येते. विश्वासू प्रमाणन संस्थांची यादी त्याच्याजवळ आधीपासून असते. सही त्या यादीतल्या कोणापर्यंत पोचते का, नाव जुळते का, मुदत उलटली तर नाही ना, हे तो बघतो. समोरच्या संगणकाला आपली गुप्त किल्ली वापरून सही करून दाखवावी लागते. त्यानंतर दोघे मिळून त्या भेटीपुरती एक तिसरीच किल्ली ठरवतात आणि पुढचे बोलणे तिने बंद होते. वाटेत कोणी कान लावला तरी त्याच्या हाती निरर्थक अक्षरेच लागतात.

प्रमाणपत्रावर स्वतःच सही करता येते. त्यानेही बोलणे झाकले जाते, पण साक्षीदार नसतो. गझलेच्या मक्त्यात कवी आपले नाव गुंफतो. तेच नाव दुसऱ्याने गुंफले, तर शेर मूळचा कोणाचा हे शेर सांगणार नाही. त्यासाठी तिसराच कोणी लागतो.

पण या तिसऱ्याचा शिक्काच चोरांच्या हाती पडला तर? २०११ साली तेच झाले. नेदरलँड्समधल्या डिजिनोटार या प्रमाणन संस्थेत घुसखोरी होऊन गुगलच्या नावाचे खोटे प्रमाणपत्र बाहेर पडले. इराणमधल्या जीमेल वापरणाऱ्यांवर पाळत ठेवण्यासाठी ते वापरले गेले. सुमारे ३ लाख इंटरनेट पत्ते या जाळ्यात आले. ती माणसे बंद दाराआड बोलत आहोत असे समजत होती. ब्राउझरांनी डिजिनोटारला यादीतून काढले आणि त्याच वर्षी तिचे दिवाळे निघाले. आपल्याकडेही २०१४ साली नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटरकडून गुगल आणि याहूच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले होते. आता दिलेल्या प्रमाणपत्रांची जाहीर नोंदवही असते, ती कोणीही पाहू शकतो. प्रमाणपत्राची मुदतही कमी होत आहे: २०२९ पर्यंत ती जास्तीत जास्त ४७ दिवसांवर आणायची, असे २०२५ साली ठरले.

मंडळी, आपल्या खिशाशी संबंध आहे तो पुढच्या गोष्टीचा. २०१५ पासून ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था प्रमाणपत्रे फुकट देते. छोट्या शाळेला, ग्रंथालयाला त्याने मोठा आधार झाला. पण भामट्यालाही ते तितक्याच सहज मिळते. बँकेच्या नावातले एक अक्षर बदलून तो संकेतस्थळ काढतो आणि त्या बदललेल्या नावाचे अगदी खरे प्रमाणपत्र घेतो. प्रमाणपत्र सांगते ते एवढेच, की पाटीवर जे नाव आहे त्याच घरात तुम्ही आलात. आत बसलेला सज्जन आहे की नाही, याची हमी ते देत नाही. लोक नेमके हेच विसरतात म्हणून क्रोम ब्राउझरने २०२३ मध्ये पत्त्याशेजारचे कुलपाचे चित्रच काढून टाकले.

तेव्हा मोबाइलवर आलेल्या संदेशातल्या दुव्यावरून बँकेत जाऊ नका. पत्ता स्वतः लिहा आणि एकेक अक्षर वाचा. प्रमाणपत्रात गडबड असल्याचा इशारा आला तर ‘तरीही पुढे जा’ हे बटण दाबू नका, परत फिरा. आणि पैसे गेलेच, तर लाजून गप्प न बसता तत्काळ १९३० हा क्रमांक फिरवा.