अंडाकृतीची करामत

एक टोक बोथट, दुसरं निमुळतं आणि कोपरा कुठेच नाही. हा आकार घरट्यात दिसतो, जंगलात दिसतो, रस्त्याखालच्या गटारात दिसतो आणि थेट सूर्यमालेच्या दूरच्या टोकालाही दिसतो. निसर्गाने असो वा माणसाने, तो उगाच निवडलेला नाही. त्याला प्रत्येक ठिकाणी नेमून दिलेलं काम आहे. त्यातल्या या काही भन्नाट गोष्टी.

आकार कवचाचा नाही, पडद्याचा!
कोंबडीचं कच्चं अंडं व्हिनेगरमध्ये बुडवून एक-दोन दिवस ठेवा. कवचावर बुडबुडे येऊ लागतात, कारण कवचातलं कॅल्शियम कार्बोनेट विरघळत असतं. शेवटी हातात उरतं ते कवच नसलेलं, लिबलिबीत, थोडं फुगलेलं अंडं. तरीही ते अंडाकृतीच असतं! आकार धरून ठेवणारा खरा कारागीर म्हणजे कवचाच्या आतला पातळ पडदा. कवच चढतं ते नंतर.

पट्टीचे उडणारे, टोकदार अंडीवाले
सगळ्या पक्ष्यांची अंडी एकसारखी का नसतात? प्रिन्स्टन विद्यापीठाच्या मेरी कॅसवेल स्टॉडर्ड आणि सहकाऱ्यांनी सुमारे 1,400 जातींची जवळपास 50,000 अंडी मोजली. 2017 मध्ये त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: ज्या जाती उडण्यात तरबेज, त्यांची अंडी सहसा जास्त लांबट किंवा टोकदार. चिखलात चोच खुपसून फिरणाऱ्या तुतारी पक्ष्यांची अंडी चांगलीच निमुळती असतात, तर घुबडांची जवळजवळ गोल.

अंडं असूनही अंडाकृती नाही
रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवीण वाळूत खड्डा करून एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते. ती दिसतात अगदी टेबल टेनिसच्या चेंडूंसारखी. डायनासोरांमध्येही गोल अंडीवाले होते. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात टायटॅनोसॉर गटातल्या डायनासोरांची 92 घरटी आणि 256 अंडी सापडल्याचं संशोधकांनी 2023 मध्ये जाहीर केलं. साधारण 15 ते 17 सेंटिमीटर व्यासाची ही अंडी दगड होऊन कोट्यवधी वर्षं नर्मदेच्या खोऱ्यात पडून होती. एक टोक बोथट आणि एक निमुळतं, ही आपल्या ओळखीची ठेवण प्रामुख्याने पक्ष्यांची.

सूत्र सापडलं 2021 मध्ये
वर्तुळाचं सूत्र शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण गोल, लांबट आणि टोकदार अशा सगळ्या पक्ष्यांच्या अंड्यांना लागू पडेल असं एकच सूत्र हवं, तर गणित अडत होतं. 2021 मध्ये नारुशिन, रोमानोव्ह आणि ग्रिफिन या तिघांनी ते मांडलं. त्याला चार मापं लागतात: लांबी, सर्वांत मोठी रुंदी, ती रुंदी मध्यापासून किती सरकली आहे, आणि टोकापासून पाव लांबीवरचा व्यास.

ऐनाच्या फांदीवरचा कोसा
भंडारा-गडचिरोलीच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसर रेशमाच्या अळ्या वाढतात. अळी आधी फांदीभोवती घट्ट कडं विणते, त्याला मजबूत देठ जोडते आणि मग स्वतःभोवती टणक, अंडाकृती कोश तयार करते. हाच कोसा. ऊन, वारा, पाऊस झेलत तो देठावर लटकून राहतो. आतल्या पतंगाला बाहेर पडायचं झालं की तो तोंडातून स्राव सोडतो, देठाकडचं टोक मऊ करतो आणि धागे बाजूला सारत वाट काढतो. विदर्भातल्या ढिवर समाजाने हे टसरपालनाचं कसब पिढ्यान्‌पिढ्या जपलं आहे. टसरची साडी नेसणाऱ्या प्रत्येकीने एकदा तरी अख्खा कोसा हातात घेऊन पाहावा.

गटाराचं डोकं
19 व्या शतकात लंडनच्या अभियंत्यांनी विटांची अंडाकृती गटारं बांधली, निमुळतं टोक खाली ठेवून. पाऊस नसताना पाणी कमी असतं. ते तळाच्या अरुंद भागातून खोल आणि वेगाने वाहतं, त्यामुळे गाळ बसत नाही. पावसाळ्यात पाणी चढलं की वरचा रुंद भाग कामी येतो. मुंबईच्या जुन्या भागातही अशी अंडाकृती गटारं बांधली गेली. अमेरिकेतल्या बॉस्टनजवळच्या डियर आयलंड केंद्रात तर सांडपाण्याचा गाळ कुजवणाऱ्या 12 भल्यामोठ्या टाक्याही अंड्याच्या आकाराच्या आहेत. कोपरेच नसल्याने गाळ ढवळणं सोपं जातं आणि तळाशी रेती साचत नाही.

बसा, पाहा, उभं करा
डेन्मार्कच्या आर्ने याकोबसेन यांनी 1958 मध्ये कोपनहेगनच्या एका हॉटेलासाठी अंड्याच्या आकाराची खुर्ची घडवली. गर्दीच्या लॉबीतही बसणाऱ्याला आडोसा मिळतो. बीजिंगमध्ये 2007 साली उभं राहिलेलं टायटॅनियम आणि काचेचं राष्ट्रीय नाट्यगृह पाण्यात अर्धं बुडालेल्या अंड्यासारखं दिसतं. आणि डेन्मार्कच्याच पीट हाइन यांनी तयार केलेलं ‘सुपरएग’ सपाट टेबलावर टोकावर उभं राहतं, कुठल्याही आधाराशिवाय.

आकाशातलं अंडं
नेपच्यूनच्या पलीकडचा हाउमिया हा बटुग्रह चार तासांच्या आत स्वतःभोवती एक गिरकी पूर्ण करतो. या वेगाने तो ताणला जाऊन लांबट झाला आहे. त्याची लांबी जाडीच्या साधारण दुप्पट भरते. त्याला दोन चंद्र आहेत, आणि 2017 मध्ये त्याच्याभोवती कडंही सापडलं.

उकडलेलं की कच्चं?
अंडं टेबलावर आडवं ठेवून जोरात फिरवा. उकडलेलं असेल तर फिरता फिरता ते टोकावर उभं राहतं! टेबलाशी होणाऱ्या घर्षणामुळे हे घडतं. कीथ मॉफॅट आणि युताका शिमोमुरा यांनी 2002 मध्ये त्याचं गणित उलगडून दाखवलं. कच्चं अंडं असं उठत नाही, कारण आतला द्रव मागे रेंगाळतो.

टिटवीचं शहाणपण
माळरानावर, नांगरलेल्या शेतात, कधी सपाट गच्चीवरही टिटवी अंडी घालते. जमिनीतला उथळ खळगा, भोवती थोडे खडे, एवढंच घरटं. अंडी बहुधा चार, आणि चारींची निमुळती टोकं आत वळलेली. त्यामुळे ती एकमेकांना चिकटून कमी जागेत मावतात आणि पोटाखाली नीट झाकली जातात. मातकट रंगावर काळे ठिपके, म्हणून शेजारी उभं राहिलं तरी चटकन दिसत नाहीत. रणरणत्या उन्हात टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांना गारवा देते.

उन्हाळ्यात माळावर किंवा शेतात फिरताना टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, तर घरटं जवळच आहे असं समजा. पायाखाली बघा, फोटोसाठी थांबू नका आणि आल्या वाटेने मागे फिरा.