जैत रे जैत

जैत रे जैत : ठाकर या आदिवासी जमातीच्या जीवनावरील मराठी चित्रपट (१९७७) व त्यातील लोकसंगीताधिष्ठित गीतांची ध्वनिमुद्रिका. गो. नी. दांडेकर (१९१६–९८) यांच्या याच नावाच्या कादंबरीवर तो आधारलेला असून दिग्दर्शन जब्बार पटेल, निर्मिती उषा मंगेशकर, गीते ना. धों. महानोर (१९४२–२०२३) व संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचे आहे. ‘जैत’ म्हणजे विजय. लिंगोबाच्या डोंगरावरील राणीमाशीचा सूड घेण्यास निघालेला नाग्या जिंकतो. परंतु त्यात चिंधीला गमावतो.

मराठी चित्रपटात लोकसंगीत म्हटले, की दीर्घकाळ तमाशाची लावणीच अभिप्रेत असे. सांगत्ये ऐका (१९५९) व पिंजरा (१९७२) यांच्या यशाने हा संकेत दृढ झाला. त्या लावणीची जिवंत परंपरा पुणे–सोलापूर रस्त्यावरील वरवंडनजीकच्या चौफुल्यासारख्या ठिकाणी संगीतबारीच्या थिएटरांतून टिकून राहिली. ढोलकी व घुंगरू यांच्या या परिचित जगाबाहेरचे सूर सलगपणे योजणे, हे जैत रे जैत च्या संगीताचे वेगळेपण होय. हृदयनाथांनी शांता शेळके यांच्या कोळीगीतांना चाली देऊन त्या दिशेने आधीच पाऊल टाकले होते.

चित्रपटातील डझनाहून अधिक गीते केवळ विसाव्यासाठी येत नाहीत. गायकवृंद कथाच पुढे नेतो. रवींद्र साठे व चंद्रकांत काळे हे गायक आणि नाग्याची भूमिका करणारे मोहन आगाशे हे घाशीराम कोतवाल (१९७२) या पटेल-दिग्दर्शित नाटकातून आलेले होते. समूहगायनातून निवेदन करण्याची त्या नाटकातील रीत येथे डोंगरकपारीत उतरलेली दिसते. लता मंगेशकर व आशा भोसले यांच्या आवाजांतील गीते मात्र चिंधीचे मन उलगडतात.

राष्ट्रीय पुरस्कारांत या चित्रपटास सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला. गीते तर चित्रपटाहूनही दूरवर पोचली. ज्यांनी तो पाहिलेला नाही, अशांनाही ती मुखोद्गत असतात.

या गीतांना ठाकरांची गाणी म्हणावे काय, हा प्रश्न मात्र उरतो. काटेकोरपणे पाहता तसे म्हणता येणार नाही. परंपरागत लोकगीत सामान्यतः मोजक्या स्वरांत फिरते व कोणालाही गाता येते. हृदयनाथ हे उस्ताद अमीरखाँ यांचे शिष्य; त्यांच्या चाली दूरच्या स्वरांवर अवचित झेपावतात आणि तयार गळ्याचीही परीक्षा पाहतात. महानोर हे अजिंठ्याजवळील पळसखेड्याचे शेतकरी कवी. त्यांच्या शब्दांत ठाकरवाडीपेक्षा त्यांचे स्वतःचे रान अधिक आहे. पॉल सायमन यांच्या दक्षिण आफ्रिकी संगीतावर आधारलेल्या ग्रेसलँड (१९८६) या ध्वनिमुद्रिकेवरून असाच वाद झाला. तेथे निदान लेडीस्मिथ ब्लॅक मंबाझो हा स्थानिक गायकसंघ स्वतः गात होता व त्याचे नावही जगभर झाले. जैत रे जैत च्या प्रमुख गायकांत ठाकर गायक नाही. ती ठाकर संगीताची नोंद नसून त्या जीवनाने सुचविलेली स्वतंत्र रचना आहे, व या दृष्टीने तिची गुणवत्ता निःसंशय मोठी आहे. प्रत्यक्ष ठाकर गीतांच्या शोधार्थ अभ्यासकाने ठाकरवाड्यांकडेच वळावयास हवे.