सॉफ्टवेअर पॅकेजांतील परस्परावलंबन : मराठी मजकुराच्या संदर्भात

‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे दोन भिन्न शब्द होत. पहिला ‘दरी’चे अनेकवचन, दुसऱ्याचा अर्थ समुद्र. पडद्यावर हा भेद राखण्याचे काम लेखनाचा प्रोग्राम एकटा करीत नाही. लिब्रेऑफिस अक्षरजुळणी ‘हार्फबझ’ या स्वतंत्र लायब्ररीकडून करून घेते आणि हार्फबझला योग्य जोडाक्षरे असलेला फॉन्ट लागतो. उदाहरणार्थ, २०११ पासून ओपन फॉन्ट लायसन्सखाली उपलब्ध असलेला रेड हॅटचा ‘लोहित देवनागरी’.

डेबियन लिनक्समध्ये यांतील प्रत्येक घटक स्वतंत्र पॅकेज असतो व त्याच्या गरजा त्याच्यासोबतच नोंदविलेल्या असतात. ‘डिपेंड्स’ म्हणजे ज्यावाचून पॅकेज बसविताच येत नाही ते. ‘रेकमेंड्स’ म्हणजे सामान्यतः असावे असे. ‘ॲप्ट’ ही प्रणाली या नोंदी वाचून संपूर्ण साखळी उतरवून घेते. तथापि विशिष्ट लिपीचा फॉन्ट लिब्रेऑफिसच्या अपरिहार्य गरजांत मोडत नाही. त्यामुळे प्रणालीच्या दृष्टीने सर्व आलबेल असूनही मराठी प्रश्नपत्रिकेत अक्षरांऐवजी चौकोन उमटू शकतात. (हा दोष मग निष्कारण टंकलेखकाच्या माथी येतो.) ‘फॉन्ट्स-देवा’ हे पॅकेज अशा वेळी उपयोगी पडते, त्यात स्वतःचा एकही फॉन्ट नाही, ते देवनागरीचे फॉन्ट केवळ ओढून आणते.

खरी अडचण आवृत्त्यांची. एका प्रोग्रामला एखादी लायब्ररी जुनी हवी, दुसऱ्याला तीच नवी, आणि दोन्ही एकत्र बसू शकत नाहीत. अशा अटींतून सुसंगत संच निवडण्याचा प्रश्न एनपी-पूर्ण असल्याचे युरोपातील ‘एडॉस’ प्रकल्पाच्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिले. व्यवहारात मात्र तर्कशास्त्रीय सूत्रे सोडविणारे प्रोग्राम बहुधा काही क्षणांत उत्तर काढतात.

साखळीतील कडीच नाहीशी झाल्यास मात्र गणित कामी येत नाही. मार्च २०१६ मध्ये ‘एनपीएम’वरून ‘लेफ्ट-पॅड’ हे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतले आणि जगभर असंख्य प्रकल्पांची बांधणी थांबली.

नागपूरसारख्या ठिकाणच्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत एका संगणकावर पॅकेजांचा स्थानिक साठा ठेवणे व सत्रभर डेबियनची स्थिर शाखाच वापरणे इष्ट ठरते. सुरक्षा-दुरुस्त्या मात्र रोखू नयेत. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’मध्ये पेरलेला चोरदरवाजा उघडकीस आला, तेव्हा तो डेबियनच्या चाचणी व अस्थिर शाखांत शिरला होता, स्थिर शाखेपर्यंत पोहोचला नव्हता.