चूक वाचनाची की बोलीची?

अलिबाग किंवा उरण तालुक्यातील आगरी वस्तीतल्या दुसरीच्या मुलासमोर ‘घोडा पळाला’ असे छापलेले पान ठेवले आणि त्याने ‘घोरा पलाला’ असे वाचले, तर त्याला वाचता येते असे म्हणायचे की नाही? आगरी बोलीत प्रमाण मराठीतील ‘ड’च्या जागी पुष्कळदा ‘र’ येतो, ‘ळ’चा ‘ल’ होतो आणि ‘ण’चा ‘न’. या मुलाने अक्षरे ओळखली, शब्द लावला, अर्थही घेतला. उच्चार मात्र घरचा केला. याउलट ‘डोंगर’ हा शब्द पाहून कोणी ‘डोळा’ म्हटले, तर त्याने पहिल्या अक्षरावरून अंदाज ठोकला आहे. तपासणीच्या तक्त्यात दोघांपुढे एकच फुली पडली, तर पहिल्याला नको असलेली शिकवणी मिळेल आणि दुसऱ्याला हवी असलेली मिळणार नाही.

हा फरक आज अधिक महत्त्वाचा झाला आहे. ५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अचूक आणि समजून वाचावेत, असे लक्ष्य आहे. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणाऱ्या ‘असर’ पाहणीत २०२४ साली ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत तिसरीची सुमारे २३ टक्केच मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. तेव्हा मोजणी हवीच. पण ‘अचूक’ म्हणजे काय, हे ठरवणारा कान शिक्षकाचा असतो आणि प्रशिक्षणात त्याचीच तयारी सर्वांत कमी होते.

न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी मुलांच्या वाचनाची शब्दागणिक नोंद ठेवण्याची पद्धत विकसित केली. बरोबर वाचलेल्या शब्दावर खूण करायची, चुकलेला शब्द मुलाने जसा वाचला तसा लिहायचा, मुलाने आपली चूक आपणच सुधारली तर तेही वेगळे नोंदवायचे. केवळ उच्चारातला फरक तेथे चूक धरला जात नाही. कागद आणि पेन्सिल एवढीच सामग्री लागते. सराव मात्र भरपूर लागतो.

आणखी एक सापळा पाठांतराचा. बालभारतीचा धडा घडाघडा म्हणणारे मूल अनेकदा ओळीकडे पाहतही नसते. त्याच धड्यातला मधलाच एखादा शब्द बोटाने दाखवला की खरी स्थिती कळते. म्हणून चाचणीचा उतारा न पाहिलेला हवा. आकलनाच्या प्रश्नाचे उत्तर मुलाने आगरीत किंवा कोळी बोलीत दिले, तरी ते पूर्ण ग्राह्य धरले पाहिजे. भाषाशुद्धीची परीक्षा वेगळी.

लेखनात तर वहीच फसवते. फळ्यावरून मोत्यासारखे उतरवून घेणारे मूल स्वतःचे एक वाक्य लिहू शकेलच असे नाही. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ लिहिणाऱ्याला ध्वनी आणि अक्षराचा संबंध उमगला आहे. त्याने ऐकले तसे लिहिले. ‘पन’ लिहिणाऱ्याचे काना-वेलांटीचे काम अजून बाकी आहे. दोन्ही शब्दांवर लाल रेघ सारखीच उमटते, पुढचा पाठ मात्र वेगळा लागतो.

हे परिपत्रकाने शिकवता येत नाही. केंद्राच्या शिक्षण परिषदेत एकाच मुलाच्या वाचनाचे ध्वनिमुद्रण सर्वांनी ऐकावे, प्रत्येकाने स्वतंत्र नोंद करावी आणि मग नोंदी ताडून पाहाव्यात. कुठे मतभेद झाला, यावरच खरा वर्ग भरतो. रायगडची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था पनवेलला आहे. स्थानिक बोलींतील असे उच्चारभेद संकलित करून शिक्षकांच्या हाती देणे तिच्या कामाचाच भाग ठरेल. एक पथ्य मात्र पाळावे लागेल. मुलांच्या गुणांवरून शिक्षकांची प्रतवारी लागू लागली, की नोंदी आपोआप गोड होतात.

कातकरी मुलांचा प्रश्न याहून बिकट. त्यांची घरची भाषाच निराळी, आणि दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात. पावसाच्या तोंडावर परतलेल्या अशा मुलाला नव्या इयत्तेच्या प्रश्नपत्रिकेसमोर बसवून ‘अप्रगत’ ठरवण्यात काय साधते? जाण्यापूर्वी त्याला कोणती अक्षरे, कोणते शब्द येत होते, याची एका पानाची नोंद शाळेत असली, तर शिक्षकाला तेथूनच पुढे सुरुवात करता येते.