विमानाचं वय कशात मोजतात

मुंबईहून गोव्याला विमान तासाभरात पोहोचतं. न्यूयॉर्कला जाणारं विमान त्याच मुंबईहून निघून पंधरा-सोळा तास हवेत राहतं. दोन्ही एकाच वर्षी कारखान्यातून बाहेर पडली असतील, तर धडाच्या पत्र्यावर जास्त ताण कोणाच्या आला असेल? बहुधा गोव्याच्या फेऱ्या मारणाऱ्या विमानाच्या. वर्षं आणि तास मोजले जातातच, पण विमानाच्या धडाचं खरं वय ठरतं ते किती वेळा उडालं आणि उतरलं यावर. हँगरमध्ये या एका फेरीला ‘सायकल’ म्हणतात.

धड कसं बांधतात

धातूच्या विमानाच्या धडात ठरावीक अंतरावर गोल चौकटी असतात, म्हणजे फ्रेम. त्यांना लांबीच्या दिशेने जोडणाऱ्या पट्ट्या म्हणजे स्ट्रिंगर. या सांगाड्यावर पत्रा रिव्हेटने ठोकलेला असतो. पत्रा नुसतं आवरण नसतो, सांगाड्याइतकाच तोही भार घेतो. आणि तो फार पातळ असतो. जुन्या बोइंग ७३७ च्या धडाचा पत्रा बऱ्याच ठिकाणी एक मिलिमीटरपेक्षाही कमी जाडीचा आहे.

धातू निवडताना त्यात पडणाऱ्या चिरांचा विचार असतो. उडताना पंख वर वाकतो, त्यामुळे त्याची खालची बाजू ताणली जाते आणि वरची दाबली जाते. ताणाच्या जागी तांबं मिसळलेलं ॲल्युमिनियम वापरण्याची पद्धत आहे, कारण त्यात चीर हळू वाढते. दाबाच्या जागी जस्त मिसळलेलं चालतं. ते जास्त मजबूत असतं.

रोजचं फुगणं

३५,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण चौथा हिस्सा उरतो. आत माणसं जगावीत म्हणून इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून गरम, दाबलेली हवा घेतात, ती थंड करून केबिनमध्ये सोडतात आणि शेपटाकडच्या एका झडपेतून हिशेबाने बाहेर जाऊ देतात. आतली हवा साधारण ८,००० फुटांवरच्या हवेइतकी ठेवली जाते. आतला आणि बाहेरचा दाब यांतल्या फरकामुळे पत्र्याच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे साडेपाच टनांचा जोर येतो. उतरताना तो नाहीसा होतो आणि पुढच्या उड्डाणात परत येतो. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, तसंच या फुगण्या-आकसण्याने पत्रा थकतो. एका वेळचा जोर त्याला सहज पेलतो, पण हजारो वेळच्या जोराने रिव्हेटच्या छिद्राच्या काठाशी बारीक चीर जन्म घेते.

कॉमेटने दिलेला धडा

हे जगाला फार महागात पडून कळलं. ब्रिटनचं डी हॅविलंड कॉमेट हे पहिलं प्रवासी जेट मे १९५२ मध्ये सेवेत आलं. जानेवारी १९५४ मध्ये एक कॉमेट इटलीच्या एल्बा बेटाजवळ समुद्रात कोसळलं, एप्रिलमध्ये दुसरं नेपल्सजवळ. मग ब्रिटनमधल्या फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेने एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवलं. पाणी भरून आणि उपसून उड्डाणामागून उड्डाणाचा दाब त्याला दिला गेला. हवेने फुगवलं असतं तर फुटताना स्फोट होऊन पुरावाच नष्ट झाला असता. आधीची प्रत्यक्ष उड्डाणं धरून सुमारे ३,००० फेऱ्यांनंतर धड फाटलं. एल्बाजवळ पडलेल्या विमानाने तर १,२९० उड्डाणंच केली होती.

चौकोनी खिडक्यांमुळे कॉमेट पडलं, असं सर्रास सांगतात. ते अपुरं आहे. एल्बाच्या अवशेषांत चीर सुरू झाल्याची खूण सापडली ती छतावर अँटेनासाठी ठेवलेल्या कापाच्या कोपऱ्याजवळ. मला यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. कंपनीने धडाच्या एका भागाची चाचणी आधीच घेतली होती आणि तो हजारो फेऱ्या टिकला होता. पण त्या भागाला त्याआधी मजबुती तपासण्यासाठी दुप्पट दाब दिलेला होता. त्या दाबाने कोपऱ्यांतला धातू किंचित ताणला गेला, दाब सुटल्यावर तिथे उलटा जोर साठून राहिला आणि चिरा रोखल्या गेल्या. प्रवासी विमानांना असं कवच मिळालंच नव्हतं. चाचणी झाली होती, पण वेगळ्याच नमुन्यावर.

अनेक लहान चिरा

२८ एप्रिल १९८८ रोजी हवाईत अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं सुमारे साडेपाच मीटर छप्पर २४,००० फुटांवर उडालं. एक हवाईसेविका बाहेर फेकली जाऊन मरण पावली. वैमानिकांनी उरलेलं विमान माउई बेटावर उतरवलं. बेटाबेटांमधल्या छोट्या फेऱ्या करत १९ वर्षांत त्या विमानाने ८९,६८० सायकल पूर्ण केल्या होत्या, आणि तेही खाऱ्या हवेत. पत्र्यांच्या सांध्यातलं चिकटवण ओलाव्याने सुटलं होतं. सगळा भार रिव्हेटवर आला, एका ओळीतल्या अनेक छिद्रांशी लहान लहान चिरा पडल्या आणि त्या एकमेकींना मिळाल्या. एकेकटी चीर धोकादायक नव्हती. ती ओळ तपासणीत सापडायला हवी होती, असं चौकशीत स्पष्ट म्हटलं गेलं.

दुरुस्तीसुद्धा रचनाच असते

१९७८ मध्ये ओसाकाला उतरताना जपान एअरलाइन्सच्या एका बोइंग ७४७ ची शेपटी धावपट्टीला घासली. केबिनचा दाब मागच्या टोकाला अडवणाऱ्या भिंतीची, म्हणजे दाबभिंतीची, दुरुस्ती करताना जोडपट्टी एकसंध बसवायची होती, ती दोन तुकड्यांत बसवली गेली. त्यामुळे एका जागी रिव्हेटच्या दोन ओळींऐवजी एकीवरच भार आला. बारा हजारांहून अधिक उड्डाणं ती टिकली. १२ ऑगस्ट १९८५ ला भिंत फुटली, उभं शेपूट बहुतांशी गेलं. तेलाच्या दाबाने विमानाचं नियंत्रण चालवणाऱ्या चारही हायड्रॉलिक यंत्रणांच्या नळ्या तिथूनच जात होत्या, त्यामुळे सगळं तेल वाहून गेलं. चार स्वतंत्र यंत्रणा एकाच जागी भेटत असतील तर त्या कितपत स्वतंत्र? ५२० माणसं गेली, चौघं वाचली. नंतर ७४७ मध्ये तेल अडवणारी झडप बसवण्यात आली.

हँगरमधली तपासणी

विमान फेऱ्यांच्या मधे, मग काही आठवड्यांनी, मग दीड-दोन वर्षांनी तपासलं जातं. सर्वांत मोठ्या तपासणीत आसनं, आतलं अस्तर, फरशी काढून फ्रेम उघड्या करतात. एडी करंटच्या प्रोबने रिव्हेटच्या छिद्रांभोवतीच्या न दिसणाऱ्या चिरा शोधतात, अल्ट्रासाऊंडने पत्र्यांच्या आत पाहतात, रंगीत द्रव लावून पृष्ठभागावरच्या चिरा उठवतात. चीर धोकादायक लांबीची होण्याआधी निदान दोन तपासण्या व्हाव्यात, अशा हिशेबाने वेळापत्रक बांधतात. भारतात काम झाल्यावर विमान सोडण्याची सही डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाचा परवाना असलेला इंजिनिअरच करू शकतो. नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगने एअर इंडियासाठी बांधलेला देखभाल तळ २०१५ पासून अशाच कामांसाठी आहे.

नवा माल, नवी नजर

बोइंग ७८७ च्या वजनापैकी जवळजवळ निम्मा भाग कार्बन फायबरचा आहे. तो गंजत नाही, थकतही कमी. म्हणूनच ७८७ च्या केबिनमध्ये ६,००० फुटांइतका दाब ठेवता येतो. पण पत्र्याला धक्का लागला तर पोचा दिसतो. कार्बनच्या थरांत आतून फट पडूनही वरून काहीच दिसणार नाही, असं होऊ शकतं. त्यामुळे सामानाची गाडी अशा विमानाला धडकली, तर खूण दिसो वा न दिसो, चालवणाऱ्याने ते लगेच सांगायचं आणि इंजिनिअरने तपासल्याशिवाय ते विमान हलवायचं नाही.