नळी कधी काढणार?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यात, मिल हाउसमध्ये ज्याने काम केलंय त्याला विचारा. गाळप काही तास थांबलं की रसाच्या पन्हाळीत बोट बुळबुळतं. हा थर ल्युकोनोस्टॉक नावाच्या जिवाणूंचा. तोडून पडलेल्या शिळ्या उसात ते फोफावतात, साखर खातात, तिच्यापासून डेक्स्ट्रान नावाचं चिकट द्रव्य करतात आणि त्यातच ठाण मांडतात. रस चिकट, तारेदार होतो, गाळण मंदावते, साखरेचे दाणे लांबुळके पडतात. यावर नुसतं जंतुनाशक ओतून भागत नाही. वाफ मारावी लागते, पन्हाळी घासून काढाव्या लागतात.

प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांचा सहकारी कारखाना १९५० च्या सुमारास गाळप करू लागला. शेजारच्या लोणीत १९८४ साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं. कारखान्याच्या पन्हाळीत जे घडतं, तेच कोणत्याही इस्पितळात रुग्णाच्या लघवीच्या नळीत घडतं. फक्त जिवाणू वेगळे. शास्त्रात या थराला बायोफिल्म म्हणतात.

नळी बसवली की पहिल्याच दिवसापासून तिच्या गुळगुळीत भिंतीवर शरीरातली प्रथिनं बसतात. त्यांच्यावर ई. कोलाय, क्लेबसिएला, स्युडोमोनास असे जिवाणू चिकटतात. चिकटले की ते भोवती शर्करा आणि प्रथिनांचा लगदा तयार करतात. लघवीत जिवाणू सापडण्याची शक्यता दर दिवसागणिक ३ ते ७ टक्क्यांनी वाढते. नळी महिनाभर राहिली तर बहुतेक प्रत्येक रुग्णात ते सापडतातच. प्रोटियस नावाचा जिवाणू तर युरियाचा अमोनिया करतो, लघवी अल्कधर्मी होते, क्षार साठून नळी आतून खडूसारखी पांढरी होते आणि तुंबते.

आता गंमत पाहा, आणि ती रुग्णाच्या जिवावर बेतणारी आहे. प्रयोगशाळेतून कल्चर रिपोर्ट येतो. औषधापुढे ‘एस’ लिहिलेलं असतं, म्हणजे जिवाणू त्या औषधाला दबतो. औषध सुरू होतं, ताप उतरतो, औषध संपतं, ताप पुन्हा चढतो. रिपोर्ट खोटा नसतो. ती चाचणी मोकळ्या, सुट्या जिवाणूंवर केलेली असते. थरात बसलेल्यांना मारायला कधी कधी हजारपट औषध लागतं. खोलवरचे जिवाणू जवळजवळ निजलेले असतात आणि बरीच अँटिबायोटिक्स वाढत्या जिवाणूवरच चालतात. शिवाय इतक्या दाटीत प्रतिकाराची जनुकं एकमेकांना देणं सोपं जातं.

थर धरणारा जिवाणू ओळखायला फार महागडं यंत्र लागत नाही. १९८९ साली फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी सुचवलेल्या पद्धतीत एक लिटर माध्यमात ५० ग्रॅम साखर आणि ०.८ ग्रॅम काँगो रेड हा रंग घालतात. थर करणाऱ्यांच्या वसाहती काळ्या, कोरड्या उगवतात; बाकीच्यांच्या लालसर. ही चाचणी थोडी ढोबळ आहे, काही थरवाले तिच्यातून निसटतात. पण उसाच्या पट्ट्यात साखर घालूनच हे जिवाणू पकडावेत, याची मला मौज वाटते.

प्रतिकाराची मजल कुठवर गेली, हे मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयाने २०१० च्या मार्चमध्ये दाखवलं. ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळात तिथे कार्बापेनेम या राखीव औषधांना न जुमानणारे २४ जिवाणू सापडले. त्यांतल्या २२ मध्ये एनडीएम-१ हे विकर होतं. ही माहिती ज्या वैद्यकीय नियतकालिकात आली, त्याच्या त्याच अंकाच्या संपादकीयात डॉ. अब्दुल गफूर यांनी अँटिबायोटिक्सचा मृत्युलेख लिहिला. काही महिन्यांनी परदेशी नियतकालिकात हाच विषय आला, तेव्हा मात्र विकराच्या नावातल्या ‘न्यू दिल्ली’वरून गदारोळ झाला. आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, ते बाजूलाच राहिलं.

कार्बापेनेम हरलं की उरतात मोजकी औषधं. त्यांतलं एक कोलिस्टिन, मूत्रपिंडाला जड जाणारं जुनं औषध. तेच आपण कोंबड्यांना वजनवाढीसाठी खाद्यातून चारत होतो. केंद्र सरकारने २०१९ च्या जुलैत त्या वापरावर बंदी घातली. दुधाच्या जिल्ह्यात दगडीचा, म्हणजे कासदाहाचा, प्रश्नही असाच आहे. गाईच्या सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडली, दूध सुधारलं, उपचार अर्धवट सोडला, महिन्याभरात कास पुन्हा सुजली. कासेत स्टॅफिलोकोकस ऑरियस थर धरून बसलेला असतो. माणसांसाठी मोजकी अँटिबायोटिक्स २०१४ पासून एच-१ अनुसूचीत, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत, आहेत. चिठ्ठीची नोंद दुकानदाराने तीन वर्षं ठेवायची असते. कागदावर हा नियम चोख आहे.

नव्या औषधाची वाट पाहत बसण्यात मला अर्थ दिसत नाही. थर धरलेल्या नळीवर औषधाचा मारा करण्यापेक्षा नळी काढणं किंवा बदलणं जास्त कामाचं ठरतं, आणि गरज नसताना ती न घालणं सगळ्यात उत्तम. तरीही नळ्या राहून जातात, कारण काढायची आठवण कोणाला राहत नाही. वॉर्डात माणसं कमी, रुग्ण फार. सिस्टरला दोष देऊन उपयोग नाही.

म्हणून घरचं कोणी दाखल असेल तर राउंडच्या वेळी डॉक्टरांना रोज विचारा, लघवीची नळी आज काढता येईल का, आणि सलाईनची सुई कोणत्या तारखेला लावली. पिशवी जमिनीला टेकू देऊ नका, ती मूत्राशयाच्या पातळीच्या खाली ठेवा. रुग्णाला हात लावण्याआधी हात धुवा. नळी मात्र स्वतः ओढू नका. आत फुगा असतो, इजा होते.