बारसे सरांचे मैदान आणि आपली सिकलसेलची मुले

धान कापून झाले की आपल्या गोरेगाव तालुक्यात पोरांना आपोआप मैदान मिळते. रिकाम्या बांधीत चपला ठेवून गोल करायचा आणि अंधार पडेपर्यंत चेंडू सोडायचा नाही. पाणी लागून रोवणी सुरू झाली की हे मैदान संपते. मग उरते वस्तीतले पटांगण, आणि तिथे तणसीचा ढीग, उभा ट्रॅक्टर, मंडपाचे खड्डे, फुटलेल्या बाटल्या.

नागपूरच्या विजय बारसे सरांची गोष्ट म्हणूनच आपल्याला जवळची वाटते. सर हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. पावसात झोपडपट्टीतली मुले फुटक्या बादलीला लाथा मारत खेळत होती, ते त्यांनी पाहिले. त्यातून २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉल उभा राहिला. निवृत्तीचे पैसे घालून सरांनी नागपूरजवळ मैदानासाठी जागा घेतली. त्यांची 'स्लम सॉकर' संस्था आज बोखारा येथून काम करते. इथली मुले बेघर व वंचितांसाठीच्या होमलेस वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळली. २०१६ मध्ये संस्थेला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. नागराज मंजुळे यांचा २०२२ चा 'झुंड' तर बहुतेक घरांत पाहून झाला आहे. त्यात अमिताभ बच्चन यांनी केलेली भूमिका सरांवरच बेतलेली.

सिनेमा पाहून आपल्याकडच्या तरुणांनाही वाटते, आपल्याही पटांगणाला अशा गुरुजींचे नाव द्यावे. जरूर द्यावे. पण फलक लावायच्या आधी एक विचारावेसे वाटते. त्या मैदानावर आपल्या वस्तीतली सगळी मुले उतरणार का? आम्ही घरोघर फिरतो तेव्हा ओट्यावर बसून इतरांचा खेळ पाहणारी मुले दिसतात. आईला विचारले तर ती हळूच सांगते, "त्याला सिकल आहे बाई, म्हणून पाठवत नाही."

विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासी भावंडांत सिकलसेल जास्त आढळतो. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, मग हातपाय, पाठ, पोट असह्य दुखते. हा आजार आईवडिलांकडून येतो. स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा खेळल्याने लागत नाही. दोघांकडूनही दोष आला तर मूल रुग्ण असते, त्याला 'एसएस' म्हणतात. एकाकडूनच आला तर ते वाहक, म्हणजे 'एएस'. वाहक मुलाला सहसा काहीच त्रास नसतो आणि त्याने खुशाल खेळावे. फक्त पहिल्याच दिवशी जीव तोडून धावायला लावू नये, सराव हळूहळू वाढवावा आणि मध्ये पाणी व विसावा द्यावा. एवढे तर सगळ्याच मुलांना हवे.

रुग्ण मुलाचे वेगळे आहे, पण त्यालाही कायमचे ओट्यावर बसवायचे कारण नाही. डॉक्टरांना विचारून त्याला झेपेल तेवढे खेळू द्यावे. दमलो म्हणाला की लगेच थांबवावे, "थोडा जोर लाव" म्हणून हिणवू नये. अंगातले पाणी कमी होणे, कडक ऊन, एकदम थंडी, पावसात भिजून तसेच राहणे, यांतून त्याचे दुखणे उठते. ताप आला, छातीत दुखले, धाप लागली, डोळे किंवा अंग एकदम पांढरे पडले, हातपाय लुळे वाटले, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. झाडफूक करण्यात वेळ जातो आणि तेवढ्यात मूल हातचे जाऊ शकते.

गुरुजींना हे माहीत असले पाहिजे. पण गावभर नको. मुलीचे लग्न मोडेल या भीतीने घरे हा रिपोर्ट पेटीत लपवतात, आणि ती भीती खोटी नाही. म्हणून मुलाच्या आईवडिलांनी गुरुजींना एकट्याला सांगावे, त्यांनी ते आपल्यापाशीच ठेवावे. मैदानावर कोणाला 'सिकलवाला' म्हणून हाक मारली गेली, तर आधी त्या हाक मारणाऱ्याला बाहेर बसवावे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल असे खेळावे. त्यासाठी स्टेडियम लागत नाही. होमलेस वर्ल्ड कपचे मैदानच २२ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असते, एका बाजूने चारच खेळाडू. एवढी जागा विहाराशेजारी किंवा शाळेमागे निघते. काचा वेचाव्या, सावलीचे एक झाड राखावे, पाण्याचा माठ भरून ठेवावा. उन्हाळ्यात खेळ सकाळी लवकर, नाहीतर ऊन उतरल्यावर. मूल फार घामाघूम झाले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ ढवळून थोडे थोडे पाजावे. मुरगळलेला पाय चोळू नये, थंड फडके ठेवून पाय उंच ठेवावा. सिकलच्या रुग्णाच्या दुखऱ्या भागावर मात्र बर्फ ठेवू नये. धनुर्वाताची लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, ती झाली का ते कार्डावर पाहून घ्यावे.

मुलींसाठी संध्याकाळचा एक तास ठरवून मोकळा ठेवा. आणि जवळ संडासाची सोय करा, नाहीतर पोरी लघवी लागू नये म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. सिकलच्या मुलीला हे फार महागात पडते.

तपासणी सोपी आहे. बोटातल्या थेंबभर रक्ताची सोल्युबिलिटी चाचणी होते. त्यात दोष दिसला तर इलेक्ट्रोफोरेसिसने रुग्ण की वाहक हे नक्की कळते. १ जुलै २०२३ पासून केंद्राचे सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे आणि सरकारी केंद्रात या तपासणीला पैसे लागत नाहीत. आपल्या आशाताईला विचारा, आणि संघ निवडायच्या आधी सगळ्याच खेळाडूंना एकत्र घेऊन जा, म्हणजे कोणा एकाकडे बोट दाखवले जाणार नाही. रिपोर्ट मात्र ज्याचा त्याच्या घरच्यांच्याच हातात द्यायला सांगा.